एमजीबी खोलण्याआधी: मॅन्युअल कोणतं घ्यावं?

मंडळी, जुनी स्पोर्ट्स कार दारात आली की मालक पहिल्याच आठवड्यात विचारायला लागतो, पुस्तक कोणतं घेऊ? आणि त्याला हमखास उत्तर मिळतं, 'हेन्स कंपनीचं दुरुस्तीचं पुस्तक घे, बाकी काही लागत नाही.' हेन्स वाईट नाही, माझ्याकडेही आहे. पण 'चांगलं पुस्तक कोणतं' हा प्रश्नच मला अर्धवट वाटतो. ते पुस्तक कोणासाठी लिहिलंय आणि तुमच्या दारातली गाडी नेमकी कोणती आहे, या दोन गोष्टी कळल्याशिवाय त्याचं उत्तर देता येत नाही. आज उदाहरणाला एकच गाडी घेतो, एमजी कंपनीची छोटी स्पोर्ट्स कार, एमजीबी.

ही गाडी इंग्लंडात ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षं बनली. पाच लाखांहून जास्त गाड्या निघाल्या. आपल्याकडच्या जुन्या मिस्त्रींना तिचं इंजिन परकं वाटत नाही, आणि त्याला कारण आहे. ॲम्बॅसॅडरमध्ये वर्षानुवर्षं जे १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन होतं, ते बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) या कंपनीच्या बी-सिरीज इंजिनांपैकी. एमजीबीचं १७९८ सीसी त्याच घराण्यातलं. स्ट्रोक (पिस्टनची धाव) तोच, बोअर (सिलिंडरचा व्यास) ७३ मिलिमीटरवरून ८० वर नेलेला. त्यामुळे मिस्त्री बॉनेट उघडून म्हणतो, 'हे तर आपलंच!' आणि पुस्तक न बघता पाना लावतो. घराणं एक असलं तरी आकडे एक नसतात, हे त्याला सांगायला आपण हातात पुस्तक घेऊन शेजारी उभं राहायचं.

आता गाडी कोणती, ते बघू. अठरा वर्षांत नाव एकच राहिलं, पण आतलं बरंच बदललं. सुरुवातीच्या इंजिनात क्रँकला (पिस्टनची खालीवर गती फिरकीत बदलणाऱ्या दांड्याला) तीन मेन बेअरिंग होती, १९६४च्या अखेरीपासून पाच झाली. १९६७च्या सुमारास आणखी मोठा बदल झाला. तोपर्यंत बॅटरीची पॉझिटिव्ह बाजू बॉडीला जोडलेली असे, ती निगेटिव्ह झाली. डायनॅमो जाऊन अल्टरनेटर आला. गिअरबॉक्समध्ये पहिल्या गिअरलाही सिंक्रोमेश (गिअर न खरखरता पडण्याची सोय) मिळाला आणि ओव्हरड्राइव्हही (वेगात इंजिनाचे फेरे कमी करणारा जोडगिअर) वेगळा बसला. १९७४च्या उत्तरार्धात काळे रबरी बंपर आले आणि गाडीची उंची वाढली. अमेरिकेत जाणाऱ्या गाड्यांना १९७५पासून एसयू बनावटीच्या दोन कार्ब्युरेटरऐवजी झेनिथ-स्ट्रॉमबर्ग बनावटीचा एकच लागला.

म्हणून पुस्तकाच्या दुकानात जाण्याआधी गाडीचा चॅसी नंबर आणि इंजिन नंबर लिहून घ्या. इंजिन नंबरची पट्टी ब्लॉकच्या उजव्या अंगाला रिव्हेट केलेली असते. वर तेलकट मळाचा थर असतो, तो रॉकेलने पुसावा लागतो. चॅसी नंबर जीएचएन३ने सुरू झाला तर गाडी पहिल्या मालिकेतली उघडी, जीएचएन५ असेल तर १९६९च्या पुढची. जीएचडी म्हणजे छपराची जीटी. इंजिनावर १८जीबी असेल तर पाच बेअरिंगचं, १८व्ही असेल तर सत्तरच्या दशकातलं. आणि या दोन्ही नंबरांचा एकमेकांशी मेळ बसेलच असं समजू नका. साठ वर्षांत कोणी इंजिन बदललेलं असतं, कोणी गिअरबॉक्स. मग एका गाडीला दोन वेगवेगळ्या काळातले धडे वाचावे लागतात.

आता पुस्तकांकडे येऊ. कारखान्याचं वर्कशॉप मॅन्युअल लिहिलं गेलं ते एजन्सीच्या गॅरेजात काम करणाऱ्या शिकलेल्या फिटरसाठी. क्लच प्लेट कशी मध्यावर आणायची, हे त्याला समजावून सांगावं लागत नाही. त्याच्या भिंतीवर कंपनीची खास हत्यारं टांगलेली असतात, म्हणून मॅन्युअल बिनधास्त लिहितं की अमुक नंबरचं हत्यार लावून बेअरिंग काढा. गंमत म्हणजे या हत्यारांचे नंबरही १८जीने सुरू होतात आणि सुरुवातीच्या इंजिनाचा प्रकारही १८जी! पहिल्यांदा वाचणारा हत्याराचा नंबर घेऊन इंजिनावर शोधत बसतो. पण माप, टॉर्क (नट आवळण्याचा जोर), क्लिअरन्स (भागांमधली फट) यांच्या बाबतीत शेवटचा शब्द याच पुस्तकाचा. केंब्रिज, मॅसॅच्युसेट्सच्या बेंटली पब्लिशर्सने १९६२ ते १९७४ या काळातल्या गाड्यांसाठी कारखान्याचं मॅन्युअल, चालकाची पुस्तिका आणि ट्यूनिंगचा भाग एकाच जाड खंडात छापला आहे. १९७५ ते ८०साठी वेगळा खंड आहे.

हेन्सची गोष्ट याच्या अगदी उलट. जॉन हेन्स ब्रिटिश हवाई दलात एडनला असताना १९६५मध्ये एका सहकाऱ्याची ऑस्टिन-हिली स्प्राइट दुरुस्त करत होते. कारखान्याचं मॅन्युअल सामान्य माणसाला पुरत नाही, हे त्यांना तिथे दिसलं. मग गाडी खोलता-बांधताना टप्प्याटप्प्याने फोटो काढले आणि १९६६मध्ये त्याचं पुस्तक केलं. पुस्तकात मळलेले हात दिसतात, वर्कबेंच दिसतं, कोणता नट कुठे दडलाय ते दिसतं. खास हत्यार नसेल तर काय करायचं, हेही बऱ्याचदा सापडतं. त्रास कुठे होतो? 'खोललं त्याच्या उलट क्रमाने बसवा' या त्या प्रसिद्ध वाक्यापाशी. खोलताना स्प्रिंग उडून गेलेली असेल तर उलट क्रम काय कामाचा? आणि एकाच पुस्तकात अठरा वर्षांची मॉडेलं कोंबली की तुमच्या वर्षाची ओळ बारीक टीपेत जाते.

तिसरं पुस्तक लोक विसरतात, ते म्हणजे पार्ट्स कॅटलॉग. त्यात दुरुस्तीबद्दल एक अक्षर नसतं. पण प्रत्येक भाग सुटा करून काढलेली चित्रं असतात. वॉशर नटाच्या आधी की नंतर, या प्रश्नाला मॅन्युअल गप्प बसतं आणि कॅटलॉग बोलतो. माझा अनुभव असा की हेन्स उघडून काम सुरू होतं आणि कॅटलॉग उघडून ते पूर्ण होतं.

पुस्तक पारखायचं कसं? एकच काम निवडा, सिलिंडर हेड. ते पान उघडा. एमजीबीच्या हेडच्या नटांना टॉर्क ४५ ते ५० फूट-पाउंड. पुस्तकात नट आवळण्याच्या क्रमाची आकृती आहे का? एकक स्पष्ट छापलंय का? कारण आपल्याकडे मिळणाऱ्या बऱ्याच टॉर्क रेंचवर न्यूटन-मीटर असतं. तिथे ५०वर लावून आवळलंत तर प्रत्यक्षात ३७ फूट-पाउंडच मिळाले, आणि गास्केट उडणारच. न्यूटन-मीटरमध्ये तो आकडा ६१ ते ६८ होतो. पुढे टॅपेटची (व्हॉल्व्हजवळची) फट: ०.०१५ इंच, इंजिन थंड असताना. 'थंड' हा शब्द ज्या पुस्तकात नाही ते मी ठेवून देतो. आणि गिअरबॉक्सच्या तेलाचं पान बघाच. या गाडीच्या गिअरबॉक्सला आणि ओव्हरड्राइव्हला इंजिनाचंच २०डब्ल्यू-५० तेल लागतं. सवयीने नव्वद नंबरचं गिअर ऑइल भरणारे मिस्त्री गावोगाव आहेत.

वायरिंगसाठी मोबाइलवरच्या स्कॅन केलेल्या पानावर विसंबू नका. या गाडीचं विजेचं सामान बनवणाऱ्या लुकास कंपनीच्या पद्धतीत तपकिरी तार म्हणजे थेट बॅटरीची, पांढरी इग्निशन चालू केल्यावरची, हिरवी इग्निशननंतर फ्यूजमधून गेलेली, काळी अर्थ. काळ्या-पांढऱ्या आकृतीत ही अक्षरं इवलीशी असतात आणि स्कॅनमध्ये एन आणि डब्ल्यू सारखेच दिसतात. एन म्हणजे तपकिरी, डब्ल्यू म्हणजे पांढरी. तेवढं एक पान मोठ्या कागदावर छापून, रंगीत पेन्सिलींनी रंगवून गॅरेजात लावा.

एक चिठ्ठी आली आहे: 'माझ्याकडे एमजीबी नाही, टीसी आहे, १९४८ची. हेच लागू पडेल का?' नाही पडणार. टीसी ही एमजीचीच, पण एमजीबीच्या आधीची गाडी. एमजीबीचे बहुतेक आटे यूएनएफ (इंची मापाचे बारीक आटे), त्यांना इंची पाने चालतात. अर्ध्या इंचाच्या डोक्याला तेरा नंबरचा पाना लावला तर डोकं गोल होतं, एवढंच सांभाळायचं. टीसीचं प्रकरण निराळं आहे. तिच्या १२५० सीसी इंजिनाचे आटे मेट्रिक, पण बोल्टची डोकी व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश मापाची! कारण हे इंजिन बनवणाऱ्या मॉरिसने १९२३मध्ये कॉव्हेंट्रीतला हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा कारखाना विकत घेतला. यंत्रं फ्रेंच, म्हणून आटे मेट्रिक. पाने ब्रिटिश मेकॅनिकचे, म्हणून डोकी व्हिटवर्थ. शिवाय तिथला आठ मिलिमीटरचा आटा एक मिलिमीटर पिचचा (दोन आट्यांमधल्या अंतराचा) आहे. हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळणारा आठचा बोल्ट सव्वा मिलिमीटर पिचचा. तो दोन फेरे जातो आणि अडतो, आणि जोर लावला तर ब्लॉकचे आटे जातात. तेव्हा टीसीसाठी जे पुस्तक घ्याल त्यात आधी आट्यांचा तक्ता आहे का ते बघा, आणि नसेल तर दुकानदाराला परत द्या.