हात न टेकता उठता येतं का?

नमस्कार मंडळी. मी फिजिओथेरपिस्ट. पडल्यानंतर माझ्याकडे येणारे आजी-आजोबा सांगतात, "पाय घसरला." मी विचारते, फरशी ओली होती का? "नाही हो, कोरडी खडखडीत!"

माझी आईही कोरड्या फरशीवरच पडली. पहाटे बाथरूमला उठली. दिवा लावला तर बाबांची झोपमोड होईल, म्हणून अंधारातच निघाली आणि पायपुसण्यात अंगठा अडकला. खुब्याचं हाड मोडलं. तरण्या माणसानं अशा वेळी दुसरा पाय पटकन पुढे टाकून तोल सावरला असता. तिच्या पायांत तेवढी ताकद उरली नव्हती. त्याआधी दोन वर्षं ती सोफ्यावरून उठताना हात गुडघ्यांवर रेटून "आई गं" म्हणायची. मी ते रोज बघत होते आणि वयच झालंय म्हणून सोडून देत होते. त्याची रुखरुख अजून जात नाही.

उठताना हात टेकावा लागला, की मांडीचे स्नायू कमी होत चाललेत असं समजा. आणि नेमकं तेव्हाच घरचे म्हणतात, "तुम्ही बसा, चहा हातात देते." मायेनंच म्हणतात. पण अमेरिकेत धडधाकट वृद्धांना फक्त 10 दिवस अंथरुणावर झोपवून ठेवलं, तर पायांचे स्नायू जवळपास किलोभर घटले. 2007 सालचा हा अभ्यास आहे.

गेलेली ताकद परत येते का? येते. बोस्टनमध्ये डॉ. मारिया फियातारोने यांनी वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या आसपासच्या लोकांकडून 8 आठवडे पायांनी वजनं उचलून घेतली. 1990 साली निष्कर्ष छापून आले: पायांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली होती. दोघांची काठी सुटली! हे वाचलं की मला आजही भरून येतं.

व्यायामाला खाण्याची जोड हवी. रात्री नुसता ताक-भात खाऊन स्नायू कशाचे बनणार? घट्ट वरण, उसळ, दही, चालत असेल तर अंडं घ्या. किडनीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. बीपीच्या, प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनी उठल्या उठल्या रक्तदाब उतरतो, झोपेच्या गोळीनं तोल जातो. म्हणून रात्री उठलात की मिनिटभर पलंगाच्या कडेला पाय सोडून बसा, मग उभे राहा. आणि दिवा लावा. झोपमोड झाली तर होऊ दे.

आता ज्यांच्या खुर्चीची पाठ भिंतीला टेकली आहे, त्यांनीच पुढचं करायचं. ज्यांचं नुकतंच ऑपरेशन झालंय त्यांनी बसूनच राहा. पाय जमिनीवर सपाट. हात छातीशी दुमडा. थोडं पुढे झुका, श्वास सोडत उठा. शेजारच्यांनी हात जवळ ठेवा, पण धरू नका. सावकाश... हं, आता तितक्याच सावकाश बसा. धपकन नको. मागच्या रांगेतल्या आजी, पुन्हा एकदा करा बरं, मी बघतेय.