हात थोडा खाली: रॉय हॅलडेचा 2001 चा उन्हाळा

(काळा पडदा. त्यावर एकच आकडा: 10.64)

हा आकडा लक्षात ठेवा. बेसबॉलमध्ये चेंडू फेकणाऱ्याची, म्हणजे पिचरची, पत ज्यावर ठरते तो हा आकडा. क्षेत्ररक्षणातल्या चुकांमुळे गेलेल्या धावा सोडून, नऊ इनिंगमागे त्यानं सरासरी किती धावा दिल्या, याचा हिशेब. (सामना नऊ इनिंगचा; तीन बॅटर बाद झाले की संघाची एक इनिंग संपते.) चारच्या आत असला तर पिचर चांगला. तीनच्या आत असला तर संघ त्याला तळहाताच्या फोडासारखा जपतो. सहाच्या वर गेला की जागा धोक्यात.

2000 च्या मोसमात टोरोंटो ब्लू जेजच्या रॉय हॅलडेचा आकडा होता 10.64. मोसमात किमान 50 इनिंग टाकलेल्या पिचरांमध्ये इतका वाईट आकडा मेजर लीगच्या, म्हणजे बेसबॉलच्या सर्वात वरच्या पातळीच्या, इतिहासात कुणाचाच नव्हता. हॅलडे तेव्हा 23 वर्षांचा होता.

याच हॅलडेनं 29 मे 2010 ला फिलाडेल्फियाकडून खेळताना परफेक्ट गेम टाकली. 27 बॅटर आले, 27 परत गेले, धावेच्या वाटेवरचा पहिला थांबा म्हणजे पहिला बेस, त्यावर कुणी पायसुद्धा ठेवला नाही. त्याच वर्षी 6 ऑक्टोबरला, प्लेऑफच्या, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेरीच्या, दडपणात, सिनसिनाटीला त्यानं एकही हिट दिली नाही, म्हणजे चेंडू मारून बेस गाठणं एकाही बॅटरला जमलं नाही. 2019 मध्ये कूपर्सटाउनच्या हॉल ऑफ फेममध्ये, बेसबॉलच्या दिग्गजांच्या सन्मानदालनात, त्याचं नाव लागलं, तेव्हा तो या जगात नव्हता. 7 नोव्हेंबर 2017 ला आपलं छोटं विमान चालवताना फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळून तो गेला. वय 40. कूपर्सटाउनच्या मंचावर त्याच्या वतीनं पत्नी ब्रँडी बोलली.

ती वर्षं सगळ्यांना पाठ आहेत. मला मात्र त्याच्या 2001 च्या उन्हाळ्याकडे जायचं आहे, ज्याची सुरुवात टीव्हीवर कुणी पाहिलीच नाही.

(दृश्य: कोलोरॅडो, डेन्व्हरजवळचं आर्वाडा. दूरवर डोंगर, रस्त्याकडेला बर्फ)

आर्वाडात हिवाळा लांबतो. रॉयचे वडील पायलट. नवं घर शोधताना त्यांनी तळघराची लांबी पाहिली: मुलाला पूर्ण अंतरावरून चेंडू टाकता आला पाहिजे. हे अंतर 60 फूट 6 इंच, क्रिकेटच्या खेळपट्टीपेक्षा साधारण 1.7 मीटर कमी. बाहेर बर्फ पडत असायचा आणि खाली तळघरात गादीवर चेंडू आदळत असायचे. मुलगा वाढत वाढत साडेसहा फुटांचा झाला. 1995 मध्ये नव्या खेळाडूंच्या निवडीत टोरोंटोनं त्याला पहिल्याच फेरीत, सतराव्या क्रमांकावर उचललं.

27 सप्टेंबर 1998. मोसमाचा शेवटचा दिवस, हॅलडेचा मेजर लीगमधला अवघा दुसरा सामना, समोर डेट्रॉइट टायगर्स. नवव्या इनिंगचे दोन बॅटर बाद झाले तरी डेट्रॉइटची एक हिट नाही. तोवर एकच जण बेसवर पोहोचला होता, तोही क्षेत्ररक्षणातल्या चुकीमुळे. 21 वर्षांचा पोरगा, आणि हवा होता एकच बळी.

बदली म्हणून आलेल्या बॉबी हिगिन्सननं चेंडू डाव्या बाजूच्या कुंपणापलीकडे भिरकावला. पलीकडे टोरोंटोचं बुलपेन, म्हणजे राखीव पिचरांची सरावाची जागा, होती आणि तिथं तो झेलला डेव्ह स्टीबनं. टोरोंटोचा जुनाजाणता पिचर. दहाच वर्षांपूर्वी, 1988 च्या सप्टेंबरमध्ये, स्टीबच्या हातून लागोपाठ दोन सामन्यांत असाच एकेक बळी राहून गेला होता. त्या दिवशी हॅलडेला काय वाटलं असेल, ते मैदानावर स्टीबइतकं कुणालाच कळलं नसेल.

सामना टोरोंटोनं 2-1 असा जिंकला. शहराला वाटलं, पुढच्या दहा वर्षांची चिंता मिटली.

इथं स्टार्टर म्हणजे काय ते सांगायला हवं. मोसमात 162 सामने. संघाकडे साधारण पाच स्टार्टर, प्रत्येकाची पाळी दर पाचव्या दिवशी. तो सामना सुरू करतो आणि त्या काळी त्यानं सहा, सात, जमलं तर आठ इनिंग ओढायच्या. तो तिसऱ्या इनिंगला कोसळला तर उरलेला भार मागच्यांवर येतो, त्यांचे हात थकतात आणि दुसऱ्या दिवशीचा सामनाही हातचा जातो. म्हणून व्यवस्थापक चमकणाऱ्यापेक्षा हमखास सात इनिंग टाकणाऱ्यावर जीव टाकायचा.

1999 बरं गेलं. 2000 मध्ये सगळं उलटलं.

हॅलडेकडे वेग भरपूर होता. अडचण अशी की चेंडू सरळ यायचा. हात डोक्यावरून उभा फिरायचा, घड्याळात बारा वाजताना काटा असतो तसा. बॅटरला चेंडू हातातून सुटताना स्वच्छ दिसायचा आणि वाटेत तो फारसा वळायचा नाही. मेजर लीगच्या बॅटरला नुसता वेग पुरत नाही. मार बसू लागला तसा हॅलडे आणखी जोरात टाकू लागला, आणि प्लेटच्या, म्हणजे बॅटरसमोर जमिनीत बसवलेल्या पाटीच्या, कडेकडेनं, बॅटपासून लांब.

ही भीती आकड्यांत दिसते. प्लेटवरच्या ठरलेल्या चौकटीला स्ट्राइक झोन म्हणतात. बॅटरनं बॅट न फिरवता त्याबाहेर चार चेंडू पडले की बॅटर फुकटात पहिल्या बेसवर चालत जातो. त्याला वॉक म्हणतात. त्या वर्षी 67 इनिंग आणि वर दोन बळी, एवढ्यात हॅलडेनं 42 वॉक दिले. स्ट्राइकआउट, म्हणजे चेंडू मैदानात मारता येण्याआधीच बाद केलेले बॅटर, 44. म्हणजे जितक्यांना त्यानं चेंडूनं हरवलं, जवळपास तितक्यांनाच फुकट सोडलं. मला वाटतं, 10.64 पेक्षा हे 42 जास्त बोलके आहेत. बॅटला चेंडू लागू द्यायचीच त्याला धास्ती बसली होती.

(दृश्य: डनीडन, फ्लोरिडा. लहान मैदान, अर्धी रिकामी बाकं)

2001 च्या वसंतात त्याला खाली पाठवलं. खूप खाली, डनीडनच्या सिंगल-ए संघात, म्हणजे मेजर लीगच्या कितीतरी पायऱ्या खाली. मेजर लीगमध्ये जिंकलेला माणूस आता विशीतल्या नवख्यांबरोबर ड्रेसिंग रूममध्ये बसला. आपल्याकडे रणजी गाजवलेल्याला परत शालेय संघात बसवावं, तसं.

मग आला मेल क्वीन. टोरोंटोचा माजी पिचिंग कोच, आणि खेळाडू असताना स्वतः आउटफिल्डर, म्हणजे लांबवरचा क्षेत्ररक्षक, म्हणून सुरुवात करून नंतर पिचर झालेला. आहे ते मोडून नवं उभं करायचं म्हणजे काय, हे त्यानं स्वतःच्या अंगावर काढलं होतं. तो गोड बोलणाऱ्यांतला नव्हता. त्यानं हॅलडेचा हात खाली आणला. उभा काटा थोडा कलता केला. सांगायला एवढंच. पण तळघरातल्या त्या गादीपासून दहा-पंधरा वर्षं अंगात मुरलेली हालचाल सोडायची, म्हणजे सही करायचा हात बदलण्याइतकं अवघड.

हात कलता झाला आणि चेंडू बोलू लागला. सिंकर शेवटच्या क्षणी खाली बसू लागला, कटर ऐनवेळी बाजूला सरकू लागला. आता प्लेटच्या मधोमध नेम धरला तरी चेंडू आपणहून कडेला जायचा. कडा गाठण्याचं ओझं मनावरून उतरलं. बॅटरनं मारलं तर मारू दे, चेंडू जमिनीवरच घरंगळेल आणि मागे सात क्षेत्ररक्षक आहेतच.

मनाचं काम राहिलं होतं. त्याच दिवसांत ब्रँडीनं दुकानातून त्याच्यासाठी एक पुस्तक आणलं, पिचरच्या मानसिक तयारीवरचं. हॅलडेनं ते नुसतं वाचलं नाही, वापरलं. पुढचा एकच चेंडू, एवढ्यावरच लक्ष ठेवायचं.

डनीडन, मग टेनेसी, मग सिराक्यूज. एकेक पायरी चढत जुलैमध्ये तो टोरोंटोत परतला. उरलेल्या मोसमात त्यानं 105 इनिंग टाकल्या. वॉक फक्त 25. सरासरी 3.16.

2002 मध्ये 19 विजय. 2003 मध्ये 22 विजय, 266 इनिंग, आणि अमेरिकन लीगच्या सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार. त्या 266 इनिंगमध्ये वॉक किती? 32. तीन वर्षांपूर्वी याच्या पावपट इनिंगमध्ये 42 दिले होते.

(दृश्य: टोरोंटो, स्कायडोम. 6 सप्टेंबर 2003)

समोर पुन्हा डेट्रॉइट. आठव्या इनिंगपर्यंत पुन्हा एकही हिट नाही, आणि मग पुन्हा ती हिट बसली. हॅलडेनं पुढचा चेंडू मागितला.

नऊ इनिंग झाल्या. 0-0. आजकाल चेंडू शंभराच्या घरात गेले की पिचरला बाहेर बोलावतात. दहाव्या इनिंगला टोरोंटोचा पिचर पुन्हा माउंडवर, चेंडू फेकायच्या उंचवट्यावर, चढला, तोच साडेसहा फुटी. टोरोंटोनं सामना 1-0 असा जिंकला, तेव्हा त्याचे चेंडू झाले होते 99.