तिसऱ्या बेसवरचा ब्रूक्स

नमस्कार मंडळी.

मेळाव्यासाठी बाल्टिमोरला आलाच आहात, तर परतण्याआधी कॅम्डन यार्ड्स स्टेडियमजवळ वॉशिंग्टन बुलेव्हार्डवर एक चक्कर माराच. तिथे इथल्या ओरिओल्स या बेसबॉल संघाच्या तिसऱ्या बेसवरचा क्षेत्ररक्षक ब्रूक्स रॉबिन्सन याचा पुतळा आहे. उजव्या हातात चेंडू, सगळं अंग फेकीच्या पवित्र्यात, आणि डाव्या हातातला ग्लोव्ह तेवढा सोनेरी.

सोनेरी, कारण उत्कृष्ट क्षेत्ररक्षणाचा गोल्ड ग्लोव्ह पुरस्कार त्याने १९६० ते १९७५ अशी सलग १६ वर्षं सोडला नाही. बेसबॉल म्हटलं की आपल्याला षटकारासारखे होमरन आठवतात. मी मात्र आज या ग्लोव्हविषयीच बोलणार आहे.

थर्ड बेसला, म्हणजे धाव पुरी करताना शिवायच्या चार टप्प्यांपैकी तिसऱ्याला, इथे ‘हॉट कॉर्नर’ म्हणतात. उजव्या हाताने खेळणाऱ्या फलंदाजाने ओढून मारलेला चेंडू सणसणत येतो तो याच कोपऱ्यात. आपल्याला हे समजायला वेळ लागत नाही. हेल्मेटशिवाय फॉरवर्ड शॉर्ट लेगला उभा राहणारा एकनाथ सोलकर आठवा. २७ कसोटींत ५३ झेल! पण सोलकरचं काम झेल घेतला की संपायचं. ब्रूक्सचं चेंडू अडवल्यावर सुरू व्हायचं. धावणारा पोहोचायच्या आत समोरच्या पहिल्या बेसवर, म्हणजे जवळजवळ १२७ फुटांवर, अचूक फेक करायची.

आणि हा गडी पायाने मंद होता, खांदाही काही तोफेसारखा नव्हता. मग जमायचं कसं? पहिलं पाऊल अचूक पडायचं आणि ग्लोव्हमधला चेंडू क्षणात हातातून सुटायचा. आणखी एक गंमत म्हणजे ब्रूक्स जन्माचा डावखुरा. लिहायचा, जेवायचा डाव्या हाताने. चेंडू फेकायचा आणि बॅट धरायचा मात्र उजव्याने. म्हणजे ग्लोव्ह होता तो त्याच्या मूळच्या सराईत हातात. मला वाटतं, त्याच्या हातांची निम्मी जादू इथेच आहे.

१९५५ साली अर्कान्सामधल्या लिटल रॉकहून १८ वर्षांचा हा मुलगा ओरिओल्सकडे आला आणि २३ मोसम दुसऱ्या कुठल्या संघाचा शर्ट त्याने अंगावर घातला नाही. १९६४ मध्ये तो दोन मोठ्या लीगांपैकी अमेरिकन लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. १९६९ ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे मोसमाची अंतिम मालिका, मात्र वाईट गेली. न्यूयॉर्क मेट्सविरुद्ध १९ वेळा बॅटिंग करून एकच हिट (फटका मारून सुखरूप बेस गाठणं), आणि संघही हरला.

पुढच्याच वर्षी, १९७० मध्ये, पुन्हा वर्ल्ड सिरीज आणि समोर सिनसिनाटी रेड्स हा संघ. पहिल्याच सामन्यात ब्रूक्सच्या हातून चूक झाली. त्यानंतर सामन्याच्या नऊ डावांपैकी सहाव्या डावात रेड्सच्या ली मेने चेंडू तिसऱ्या बेसवरून फाउल लाइनला, म्हणजे मैदानाच्या कडेच्या रेघेला, घासून हाणला. ब्रूक्स बेसच्या मागे धावला, उलट्या हाताने चेंडू उचलला, तोल जाऊन लाइनीबाहेर गेला आणि तिथूनच गिरकी घेत फेकला. कृत्रिम गवतावर एक टप्पा पडून चेंडू पहिल्या बेसवरच्या बूग पॉवेलच्या ग्लोव्हमध्ये, आणि ली मे बाद! फेकताना त्याने नीट पाहिलं तरी होतं का, असं दर वेळी तो व्हिडिओ बघताना मला वाटतं. पुढच्या डावात त्याच्याच होमरनने सामना ४-३ असा जिंकला. पाच सामन्यांत सिरीज खिशात आणि मालिकावीर ब्रूक्स. एवढी बॅटिंग करूनही (सरासरी .४२९, म्हणजे सातांत तीन हिट) लोक आजही बोलतात ते त्याने अडवलेल्या चेंडूंबद्दल. त्याला ‘ह्यूमन व्हॅक्यूम क्लीनर’ म्हणायचे ते उगीच नाही.

१९८३ मध्ये तो बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे महान खेळाडूंच्या मानाच्या यादीत, गेला, पहिल्याच मतदानात. सप्टेंबर २०२३ मध्ये, ८६ व्या वर्षी तो गेला, तेव्हा हे गाव घरातलं माणूस गेल्यासारखं हळहळलं. ते मी इथे राहून पाहिलं आहे.

एक प्रसंग सांगतो आणि थांबतो. १९७७ चा सप्टेंबर, ओरिओल्सच्या तेव्हाच्या मेमोरियल स्टेडियममध्ये ब्रूक्सचा निरोप समारंभ. त्याच्या जागी आलेला डग डिसिन्सेस मैदानात वाकला, तिसरा बेस जमिनीतून उपटला आणि ब्रूक्सच्या हातात दिला.