पोर्टच्या पिंपात मुरलेली बर्बन

केंटकी राज्यातलं लुईव्हिल शहर. इथल्या मेन स्ट्रीटवर, विटांच्या एका जुन्या कारखान्यात २०१६पासून एंजल्स एन्व्हीची डिस्टिलरी चालते. आज आपल्या ग्लासात आहे त्यांची कास्क स्ट्रेंग्थ. ही बर्बन, म्हणजे मुख्यतः मक्याची अमेरिकन व्हिस्की, २०१२पासून वर्षातून एकदाच, मोजक्या बाटल्यांत निघते. पाणी घालून सौम्य केलेली नाही. मद्यार्क ६० टक्क्यांच्या आसपास.

बर्बनचे नियम कडक आहेत. धान्यात निदान ५१ टक्के मका हवा. पिंप ओकचं, कोरं आणि आतून जाळलेलं हवं. पिंपात भरताना मद्यार्क ६२.५ टक्क्यांच्या वर चालत नाही. वरून रंग नाही, स्वाद नाही. आणि दर वेळी पिंप कोरंच लागतं, म्हणून वापरलेली पिंपं जगभर विकली जातात. आपल्या गोव्यातली पॉल जॉन सिंगल मॉल्ट अशाच पिंपांत मुरते.

आता या पिंपाची आतली बाजू बघा. आगीने तिला मगरीच्या पाठीसारख्या भेगा पडल्या आहेत. कोळशाच्या थराखाली लाकडातली साखर भाजून लालसर झालेली असते. केंटकीच्या उन्हाळ्यात व्हिस्की प्रसरण पावते आणि त्या लाल थरात शिरते. थंडीत आकसून परत येते. व्हॅनिला, कॅरॅमल, हा तांबूस रंग, सगळी कमाई तिथली.

एवढं झाल्यावर खरं तर बाटली भरायची. एंजल्स एन्व्ही सुरू करणारे लिंकन हेंडरसन तिथे थांबले नाहीत. ब्राउन-फोरमन या मद्यकंपनीत उभी कारकीर्द घालवलेला, तिची वुडफर्ड रिझर्व्ह ही बर्बन घडवणारा हा माणूस. निवृत्तीनंतर मुलगा वेस याच्या साथीने त्यांनी तयार बर्बन रुबी पोर्टच्या पिंपांत ओतली. पोर्ट म्हणजे पोर्तुगालच्या दोरू खोऱ्यातली गोड, कडक वाइन. नेहमीच्या बाटलीसाठी हा मुक्काम तीन ते सहा महिन्यांचा असतो. लिंकन २०१३ साली गेले.

जुन्या जाणत्यांना हे आजही खटकतं. दुसऱ्या पिंपात गेली, मग ती बर्बन राहिली का? म्हणूनच पोर्टच्या पिंपाचा उल्लेख लेबलवर स्पष्ट असतो. मला त्या शंकेत तथ्य वाटतं. त्यामुळे अशा ग्लासात मी पोर्ट शोधत नाही, आधी मका शोधतो.

ग्लास नाकाशी नेताना तोंड किंचित उघडं ठेवा, नाहीतर मद्यार्काचा झटका बसेल. आधी मनुका आणि काळ्या चेरीचा वास येतो. जरा थांबलात, की मागून व्हॅनिला. पहिला घोट अगदी लहान घ्या, जिभेवर फिरवा. सुरुवातीला नुसती जळजळ होते. ती ओसरली की मक्याचा भरदार गोडवा येतो, आणि कडेने ओकचा तुरटपणा. पोर्टचं फळ येतं ते घोट गिळल्यावर, आणि बराच वेळ रेंगाळतं. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. फळ आधी आणि मका गायब, असं झालं असतं तर महाग सरबतच प्यायलो असतो.

आता पाण्याचे दोन-तीन थेंब. धार उतरते, चेरी जास्त स्पष्ट होते. बर्फ मात्र नको. गारव्यात फळाचा वास दबतो आणि ओकचा कडवटपणा तेवढा पुढे येतो.