एकाला घाई, एकाला सवड

(दृश्य : काळा लाव्हा, भर दुपार)

हा पेंग्विन पाहा. चोच उघडी टाकून धापा टाकतोय. पंख अंगापासून लांब धरलेत आणि पुढे वाकून उभा आहे, पायांवर सावली पडावी म्हणून. पायांवर पिसं नसतात, त्यामुळे ते भाजतात. बर्फ त्याने जन्मात पाहिलेला नाही.

हा प्रशांत महासागरातल्या गालापागोस बेटांवरचा पेंग्विन. उंची जेमतेम अर्धा मीटर. भायखळ्याच्या राणीच्या बागेतले हंबोल्ट पेंग्विन याच्याच कुळातले. फक्त त्यांना एसी आहे.

विषुववृत्तावर हा तग धरतो तो समुद्राच्या जिवावर. पश्चिमेकडून खोलातून येणारा क्रॉमवेल प्रवाह इथल्या फर्नांडिना आणि इसाबेला बेटांना धडकून वर चढतो. गार पाणी वर येतं, पाठोपाठ मासळी. पोटभर खायला मिळालं, की जोडी लाव्हाच्या कपारीत अंडी घालते, मग महिना कुठला का असेना. कारण एल निनोच्या वर्षी, म्हणजे इथला समुद्र तापतो तेव्हा, हे गार पाणी येतच नाही. १९८२-८३ मध्ये शंभरातले सुमारे सत्त्याहत्तर पेंग्विन गेले.

(दृश्य : अंधार. दिव्याच्या झोतात करडी पाठ)

हा ग्रीनलंड शार्क. उत्तर अटलांटिकच्या गोठत्या पाण्यात, कधी दोन हजार मीटरहून खोल. वेग ताशी सव्वा किलोमीटर. देवळाला प्रदक्षिणा आपण याहून भराभर घालतो. डोळ्यातून दोऱ्यासारखं काहीतरी लोंबतंय ना? तो परजीवी आहे, बुबुळालाच चिकटलेला.

याचं वय कळलं तेही डोळ्यावरूनच. भिंगाचा गाभा जन्माआधी तयार होतो आणि पुढे बदलत नाही. त्यातला कार्बन तपासून २०१६ मध्ये शास्त्रज्ञांनी पाच मीटर लांबीच्या एका मादीचं वय काढलं : कमीत कमी २७२ वर्षं, कदाचित ३९२. म्हणजे शिवजन्माच्याही आधीची! इतक्या थंडीत शरीर वर्षाला एक सेंटिमीटरसुद्धा वाढत नाही.

यकृताच्या तेलासाठी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या शार्कची बेसुमार शिकार झाली. पेंग्विनच्या तेव्हापासून कितीतरी पिढ्या झाल्या. इथे मात्र मादी वयात येते ती दीडशेव्या वर्षाच्या सुमारास. १९०० साली जन्मलेली एखादी त्या जाळ्यांतून सुटली असेल, तर तिला अजून एकही पिल्लू झालेलं नसेल.