मेंढीचं रक्त, कलिंगड आणि आरए फॅक्टर

माझ्याकडे येणारी निम्मी माणसं हात पुढे करण्याआधी फाइल पुढे करतात. परवा एक काकू आल्या. रक्तातला आरए फॅक्टर (आरए म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, सांधे सुजवणारा आमवात) २८, छापलेली मर्यादा २०, आकड्याखाली लाल पेनाची रेघ. ‘‘डॉक्टर, मला संधिवात निघालाय.’’ म्हटलं, हात टेबलावर ठेवा बघू. बोटांच्या मुळाशी सूज नाही, मूठ घट्ट वळते, सकाळी उठल्यावर हात आखडत नाहीत. दुखत होता तो गुडघा, तोही जिना चढताना. मग ही तपासणी कुणी सांगितली? कुणीच नाही, पॅकेजमध्ये होती!

हा फॅक्टर म्हणजे आपल्याच प्रतिपिंडांच्या (अँटीबॉडींच्या) शेपटीला चिकटणारं प्रतिपिंड. पोलिसानं पोलिसालाच धरावं, तसं. नॉर्वेच्या एरिक वॉलरना ते मेंढीच्या रक्तामुळे सापडलं. मेंढीच्या तांबड्या पेशींवर सशाच्या प्रतिपिंडांचा लेप दिलेला होता. त्यात आमवाताच्या रुग्णाचं रक्तद्रव मिसळलं की पेशींच्या गुठळ्या व्हायच्या. हे छापून आलं १९४० साली, जर्मन फौजा नॉर्वेत शिरल्या त्याच वर्षी. तेव्हा मेंढ्यांकडे बघायला कुणाला सवड होती? १९४८मध्ये अमेरिकेत हॅरी रोज यांना तेच पुन्हा दिसलं, म्हणून नाव पडलं वॉलर-रोज चाचणी. पुढे मेंढी गेली, लॅटेक्सचे मणी आले.

अडचण अशी, की हा फॅक्टर हेपॅटायटिस सी, क्षय, कुष्ठरोग, हृदयाच्या झडपेचा जंतुसंसर्ग, डोळे-तोंड कोरडं पाडणारा शोग्रेनचा आजार, अशा कशातही वाढतो. नुसत्या वयानंही वाढतो. थोडं गणित करू. हजार माणसांत आमवाताचे पाच रुग्ण धरा. चाचणी शंभरातले सत्तर रुग्ण पकडते आणि शंभर निरोग्यांतल्या पंधरांना उगाच पॉझिटिव्ह ठरवते, असं ढोबळपणे धरा. म्हणजे पाचातले तीन-चार सापडले. आणि उरलेल्या ९९५ जणांतले? जवळजवळ दीडशे! त्या दीडशेत आमच्या काकू. याच चाचणीचा कागद सुजलेल्या बोटांच्या माणसाचा असेल, तर तो मी गंभीरपणे वाचतो.

आमवातासाठीच्या दुसऱ्या रक्तचाचणीची, अँटी-सीसीपीची, गोष्ट निराळी. आपल्या प्रथिनांत आर्जिनिन नावाचा घटक असतो. दाह असला की काही एन्झाइम त्याचं सिट्रुलीन करतात. हे नाव आलं कलिंगडाच्या लॅटिन नावावरून, कारण ते प्रथम कलिंगडाच्या रसातून वेगळं केलं गेलं. आमवातात शरीर या बदललेल्या प्रथिनांनाच परकं समजतं. नेदरलँड्समधल्या नायमेखनच्या संशोधकांनी १९९८मध्ये हे धागे पकडले आणि त्यातून चाचणी उभी राहिली. ती शंभर निरोग्यांतल्या पाचेक जणांनाच चुकून पॉझिटिव्ह ठरवते. तरी सक्रिय क्षयात तीही फसू शकते, आपल्याकडे हे विसरून चालत नाही.

मला सगळ्यात नवल वाटतं ते रक्तपेढ्यांचं. पुढे ज्यांना आमवात झाला, अशा रक्तदात्यांचे साठवलेले जुने नमुने डच डॉक्टरांनी तपासले. जवळजवळ निम्म्यांच्या रक्तात सांधा दुखायच्या आधीच, काहींच्या तर कित्येक वर्षं आधी, ही प्रतिपिंडं होती. सांधा मागाहून सुजला. पण म्हणून निरोगी माणसाला आधीच औषध सुरू करायचं का? मी तरी करत नाही. सिगारेट मात्र सोडायला लावतो, कारण सिगारेटचा या प्रतिपिंडांशी संबंध दाखवला गेलाय.

आता उलटी बाजू. एक बाई आल्या, सकाळी भाकरी थापता येत नव्हती, दोन्ही हातांची बोटं मुळाशी फुगलेली. दोन्ही तपासण्या निगेटिव्ह. कुणीतरी त्यांना ‘काही नाही’ म्हणून सहा महिने नुसत्या वेदनाशामक गोळ्यांवर ठेवलं होतं. २०१०च्या आंतरराष्ट्रीय निकषांत दहापैकी सहा गुण मिळाले की आमवात म्हणतात. त्यात प्रतिपिंडांना जास्तीत जास्त तीन गुण, सांध्यांना पाच. दहाहून जास्त सांधे सुजलेले, रक्तातला दाह दाखवणारा सीआरपी वाढलेला, दीड महिन्याहून जास्त काळ त्रास: झाले सात. प्रतिपिंडांचा शून्य धरूनही.

श्रोत्यांतल्या शेवटच्या रांगेतून चिठ्ठी आली आहे, ‘फॅक्टर कमी झाला का ते दर तीन महिन्यांनी बघावं का?’ नको. आजार कमी-जास्त झालेला सांधे सांगतात, ईएसआर-सीआरपी या दाहाच्या तपासण्या सांगतात. आमवातावरचं मेथोट्रेक्सेट हे औषध चालू असेल तर ते पैसे रक्तपेशी आणि यकृताच्या तपासण्यांना ठेवा. त्या चुकवायच्या नाहीत. आणि गोळी आठवड्यातून एकदाच. रोज नाही हं!