पानगळीतल्या सणाचं टेबल: कमी खर्चात मधोमध काय मांडायचं

(दृश्य: रिकामं लांब टेबल, वरून)

हे थँक्सगिव्हिंगचं, म्हणजे कॅनडा-अमेरिकेत सुगीबद्दल आभार मानायच्या सणाचं, टेबल बघा, अजून यावर काहीच मांडलेलं नाहीये, आणि खरं तर सजावटीची सुरुवात इथूनच करायची, पानं-भोपळे गोळा करायच्या आधी, हातात टेप घेऊन. रुंदी साधारण 90 सेंटीमीटर धरा. एका बाजूला प्लेट, तिच्या पुढे पाण्याचा ग्लास, झाले 35 सेंटीमीटर, समोरच्या बाजूलाही तेवढेच, म्हणजे 90 मधून 70 गेले आणि उरले 20. आणि मध्ये वाढायची भांडीही यायचीयेत अजून. तर सेंटरपीसला, म्हणजे मधोमधच्या सजावटीला, जागा किती मिळते, जेमतेम वीतभर रुंदीची पट्टी. म्हणून मधोमध एकच मोठं काहीतरी उभं करण्यापेक्षा टेबलाच्या लांबीत पसरत जाणारी बुटकी मांडणी केव्हाही चांगली, आणि ती स्वस्तातही होते, कारण मोठा गुच्छ भरायला फुलं लागतात, पट्टी भरायला पानं पुरतात.

उंचीचं माप तर आपल्या हातातच आहे. खुर्चीत बसा, कोपर टेबलावर टेकवा, हात सरळ वर करा. मनगटाच्या वर काही जाऊ द्यायचं नाही, बस. अपवाद फक्त सडपातळ मेणबत्तीचा किंवा एखाद्या विरळ फांदीचा, त्यांच्या आरपार दिसतं. या जेवणाला माणसं लांबून लांबून येतात, वर्षाने भेटतात, तास-दोन तास समोरासमोर बसतात, त्यांना एकमेकांचे चेहरे नीट दिसायला हवेत, आणि त्यासाठी कितीही सुंदर गुच्छ बाजूच्या टेबलावर ठेवायला लागला तरी चालेल.

(दृश्य: झाडाखाली पडलेली लाल-पिवळी पानं)

आता सामान. यातलं बरंचसं फुकट मिळतं, फक्त वेळ साधावी लागते. कॅनडात थँक्सगिव्हिंग ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी येतो, तेव्हा मेपल बऱ्याच ठिकाणी ऐन रंगात असतो, सकाळी जाऊन पानं वेचली की काम झालं. अमेरिकेत तो नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी, आणि तोवर उत्तरेकडची बहुतेक झाडं मोकळी झालेली असतात, खाली उरतो तो तपकिरी ओला कचरा. त्यामुळे तिकडे पानं आधीच धरून ठेवावी लागतात.

पानं रंग का बदलतात हे एकदा कळलं ना, की ती कशी टिकवायची तेही आपोआप कळतं. दिवस लहान व्हायला लागले की पानातलं हिरवं द्रव्य, म्हणजे क्लोरोफिल, मोडायला लागतं. पिवळा रंग पानात आधीपासूनच असतो, हिरव्याखाली झाकलेला. पण मेपलसारख्या झाडांचा लाल रंग वेगळा, तो पान त्या दिवसांतच नव्याने तयार करतं, आणि दिवसा स्वच्छ ऊन, रात्री गारठा पण बर्फ पडण्याइतका नाही, असं हवामान असलं की तो सगळ्यात छान उतरतो. उन्हात ठेवलं तर हाच लाल उडून जातो, म्हणून तयार पानं खिडकीपाशी नको, कपाटात ठेवा.

साधा उपाय म्हणजे कोरडी पानं वर्तमानपत्रात घालून वर जाड पुस्तकं ठेवायची, आठवडाभरात ती सपाट होतात. पण ठिसूळही होतात, मग त्यांना मेणकागदात ठेवून वर कापड घालून हलकी इस्त्री फिरवायची, पातळसा मेणाचा थर बसतो आणि रंगही बऱ्यापैकी राहतो. आणि मऊ, लवचिक फांद्या हव्या असतील तर ग्लिसरीन. एक भाग ग्लिसरीन, दोन भाग पाणी, फांदीचं टोक तिरकं कापून थोडं चिरायचं आणि दोन-तीन आठवडे त्यात उभी करून ठेवायची. पण हे झाड अजून पाणी ओढत असतानाच करायचं, म्हणजे पानं रंगायच्या आधी, कारण पिकलेलं पान काही ओढून घेत नाही. असं पान लालभडक राहत नाही, तांब्यासारखा रंग घेतं, हाताला चामड्यासारखं लागतं, आणि मेणबत्तीच्या उजेडात ते जे दिसतं त्याला तोड नाही.

(दृश्य: पाइन कोन, अगदी जवळून)

पाइन कोन, म्हणजे पाइनच्या झाडाची खवल्याखवल्यांची वाळकी बोंडं, मात्र कधीही उचलता येतात. ओले असतील तर मिटलेले असतात, त्याने निराश होऊ नका, त्याचा प्रत्येक खवला आतल्या आणि बाहेरच्या बाजूने ओलाव्याने कमी-जास्त फुगतो, त्यामुळे ओलं झालं की मिटतं आणि वाळलं की उघडतं. झटकून घ्या, ट्रेवर फॉइल टाकून ओव्हनमध्ये मंद आचेवर, 90-95 अंशाला, अर्धा-पाऊण तास ठेवा, आतले किडे मरतात, चीक वितळून वर चकाकी येते, आणि एकेक खवला हळूहळू बाहेर झुकताना दिसतो. पण ओव्हनसमोरून हलू नका, चीक पेट घेऊ शकतो.

भोपळ्याचं थोडक्यात. न कापता ठेवा. अख्खा भोपळा थंड कोरड्या जागी दोन-तीन महिने सहज राहतो, कापून पोकळ केलेला काही दिवसांतच बसतो. देठाला धरून उचलू नका, देठ तुटला की तिथूनच सडायला सुरुवात होते. फुलदाणी म्हणून वापरायचाच असेल तर आदल्या दिवशी कापा, आत पाण्याचा ग्लास बसवा आणि फुलं त्या ग्लासात.

आणि फुलं कुठली? शेवंती, माझं तर हेच मत. रात्री मोठ्या व्हायला लागल्या की ती फुलते, म्हणजे नेमकी याच दिवसांत भरपूर असते आणि परवडते, खुडल्यावर पाणी बदलत राहिलं तर टिकतेही बरेच दिवस. शिवाय अजून एक गोष्ट, जी फार कमी लोक लक्षात घेतात. टेबलावर सफरचंदं आणि पेअर मांडायची असतात, छानच दिसतात, पण पिकणारी फळं इथिलीन नावाचा वायू सोडतात आणि त्याने कार्नेशनसारखी फुलं लवकर मान टाकतात. शेवंतीच्या फुलाला त्याचा फारसा त्रास होत नाही, त्यामुळे फळांशेजारी तीच ठेवा. घरात मांजर असेल तर मात्र लिली आणूच नका, अजिबात नको, तिचा परागसुद्धा मांजराची किडनी निकामी करू शकतो. शेवंतीनेही कुत्र्या-मांजरांचं पोट बिघडतं, तेव्हा ती त्यांच्या तोंडाला लागणार नाही अशी ठेवा.

(दृश्य: मांडणी चालू आहे, हात दिसतायत)

आता मांडा. गोणपाटाची किंवा साध्या तपकिरी कागदाची पट्टी अंथरा, तिची कड सरळ कापायचीही गरज नाही. आधी मोठ्या वस्तू, दोन-तीन छोटे भोपळे, समान अंतरावर नाही हं, एक जोडीने, एक जरा लांब. मग पानांच्या फांद्या, टोकं टेबलाच्या दोन्ही बाजूंना बघणारी, मग फटींमध्ये पाइन कोन, अक्रोड, सफरचंद. जॅमच्या रिकाम्या बरण्यांना सुतळी गुंडाळून त्यात दोन-दोन फुलं. एखादी जागा मोकळी सोडा, तिथे सॉसचं भांडं येणार आहे. प्रत्येकाच्या प्लेटवर एक दाबलेलं पान ठेवून त्यावर पांढऱ्या पेनने नाव लिहायचं काम मुलांना द्या, त्यांचं अक्षर वाकडं असेल तरी राहू दे, तेच चांगलं दिसतं.

मेणबत्त्या सुगंधी नकोत, जेवणाचा वास आणि त्यांचा वास एकत्र आला की दोन्ही बिघडतात. आणि वाळलेली पानं म्हणजे पेटायला तयारच असलेलं जळण, म्हणून पेटणारी मेणबत्ती आणि पान यांच्यामध्ये किमान 30 सेंटीमीटर मोकळी जागा हवीच. वीतभर पट्टीत तेवढी जागा निघत नाही, तेव्हा पानांमध्ये बॅटरीवरच्या बारीक दिव्यांची माळ घाला आणि खऱ्या मेणबत्त्या काचेच्या बरणीत घालून खिडकीशी, पडद्यापासून लांब.

जेवण झाल्यावर न रंगवलेला खाण्याचा भोपळा सरळ स्वयंपाकघरात न्या, त्याचं सूप होतं. शोभेचे ते छोटे रंगीबेरंगी, खडबडीत सालीचे भोपळे मात्र खायचे नाहीत, त्यांच्यात कडू विषारी द्रव्य असू शकतं आणि उलट्या-जुलाब होतात. चुकून एखादा तुकडा तोंडात गेला आणि कडू लागला तर लगेच थुंका. हे शोभेचे भोपळे वाळवून ठेवा, पुढच्या वर्षी चालतात. साधी पानं कंपोस्टमध्ये, मेण लावलेली नाही. पाइन कोन पिशवीत भरून ठेवा, पिशवी कागदाची, म्हणजे ओल धरत नाही.